बाई, तुमच्या त्या तीन रकान्यांसाठी

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर मी आभाराचं बोलायला लागले की तुम्ही "पुरे, उद्याचा धडा काय आहे ते सांग" म्हणून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहूनच टाकते. आपल्या वर्गातल्या बाकीच्या पोरींनाही कळू दे की त्यांच्या गणिताच्या बाई रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी शिकवूनच राहिल्या आहेत, ते पण नागपुरातून फोनवर, थेट टांझानियात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुलं आपापल्या मार्गाला लागली आणि आम्ही दोघांनी पीस कोअरमध्ये अर्ज केला. ही अमेरिकन सरकारची व्हॉलंटियर योजना आहे, १९६१ ला सुरू झाली आणि त्याच वर्षी इथे, तेव्हाच्या टांगानिकात, पहिले लोक आले. आपल्या भारतातही १९६१ ते १९७६ हे लोक होते. अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, वयाला वरची मर्यादा नाही, आणि नवरा-बायकोने सोबत जायचं तर दोघांचीही निवड व्हावी लागते. एकूण २७ महिने, त्यातले पहिले साधारण ३ ट्रेनिंगचे, आणि ते पार पडून शपथ होईपर्यंत तुम्ही व्हॉलंटियर नसता, नुसते ट्रेनी. आमचं ट्रेनिंग मोरोगोरोकडे होतं, समोर उलुगुरूचे डोंगर, आणि राहायला एका कुटुंबात एक खोली, मच्छरदाणी, बादलीभर पाण्यात अंघोळ, रात्री उगाली (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) आणि राजम्यासारखी उसळ. घरच्या मामांनी (इथे आईला मामा म्हणतात) आम्हाला इतकं जपलं की त्यांच्यावर वेगळं लिहावं लागेल. सकाळी स्वाहिलीचा क्लास, दुपारी शिकवायचं ट्रेनिंग, संध्याकाळी दोघं कंदिलाच्या उजेडात क्रियापदं पाठ करत बसायचो.

हे सगळं जमत होतं. अडलं ते शाळेत सराव पाठ सुरू झाल्यावर.

इथे सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत असते आणि फॉर्म वनला, म्हणजे आपल्या आठवीला, एकदम इंग्रजी. गणित, फिजिक्स, भूगोल सगळं. फॉर्म फोरची बोर्डाची परीक्षाही इंग्रजीतच. मास्तर वर्गात आले की पोरं खाडकन उभी राहून एका सुरात गुड मॉर्निंग म्हणतात, बसतात, आणि मग सगळा वर्ग चूप. आमचे हे इंजिनियर माणूस, नागपूरच्या धरमपेठेत वाढलेले, पहिलीपासून इंग्लिश मीडियम, यांना काही समजेचना की गणित इतकं सोपं करून सांगतोय तरी एक हात वर कसा होत नाही. रात्र रात्र झोप नाही. मला म्हणायचे, आपण यांच्या काही कामाचे नाही, परत जाऊ.

मला मात्र तो वर्ग ओळखीचा वाटला बाई. अकरावी सायन्सच्या पहिल्या महिन्यात मी तशीच बसायचे. दहावीपर्यंत वर्गसमीकरण, सहगुणक, काटकोन, आणि अकरावीत सगळं एकदम इंग्रजीत, सर काय बोलून राहिले तेच कळत नाही, उत्तर येत असून तोंड उघडत नाही. तरी मी तरले, कारण दहावीच्या सुट्टीत तुम्ही आम्हाला नागपुरातल्या महाल भागातल्या तुमच्या घरी बोलावून भर उन्हाळ्यात शब्दांचे ते तीन रकाने करून घेतले होते. म्हणून तुम्हाला फोन लावला. इतक्या वर्षांनी. तुम्ही "कोण गं" म्हणाल्या, मी नाव सांगितलं, आणि तुम्ही लगेच "भूमितीत चांगली होतीस" म्हणाल्या, तिथेच मला रडू आलं.

मग तुम्ही यांना फोन द्यायला लावला आणि जावईबापूंचा क्लास सुरू केला. तुम्ही जे सांगितलं ते इथे लिहिते, कारण मराठी मीडियमच्या पोरांना सेमी इंग्लिश शिकवणाऱ्या कितीतरी शिक्षकांना ते उपयोगी पडेल.

तुम्ही म्हणाल्या, गप्प बसलेलं पोट्टं ढ नसतं, ते मनात वाक्य जुळवून राहिलेलं असतं, त्याला वेळ द्या. मग तीन रकाने. एकात इंग्रजी शब्द, एकात त्यांच्या भाषेतला, तिसऱ्यात आकृती किंवा चिन्ह, वहीच्या मागच्या पानावर, आणि त्या दिवसाचे शब्द फळ्याच्या कोपऱ्यात तास संपेपर्यंत पुसायचे नाहीत. उदाहरण आधी काही न बोलता फळ्यावर पूर्ण सोडवून दाखवायचं आणि मग विचारायचं, मी काय केलं ते तुमच्या भाषेत सांगा. एका गोष्टीला एकच वाक्य. आज "फाइंड", उद्या "सॉल्व्ह", परवा "डिटरमाइन" असं केलं की पोरगं गणितात नाही, शब्दात अडकतं. आधी एक पक्कं करा, बाकीचे नंतर परीक्षेचे शब्द म्हणून द्या. आणि शाब्दिक उदाहरणात आधी चित्र, मग शेजारच्याला स्वाहिलीत गोष्ट सांगायची, मग समीकरण, आणि सगळ्यात शेवटी इंग्रजी वाक्य. पण ते शेवटचं वाक्य सोडायचं नाही, हे तुम्ही बजावून सांगितलं, कारण परीक्षा त्यांना इंग्रजीतच द्यायची आहे आणि आपण नुसती दया करून त्यांचं भलं होत नाही.

यांनी सगळं तसंच्या तसं केलं. फळ्यावर पायथागोरसचं उदाहरण न बोलता सोडवलं, खडू ठेवला, स्वाहिलीत विचारलं, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उठून पेंबेटाटूच्या म्हणजे त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचं सगळं घडाघडा सांगून गेली, मग दुसरा उठला तिचं दुरुस्त करायला, आणि वर्गात चक्क भांडण, गणितावरून! मी मागे निरीक्षणाला बसले होते. यांचा चेहरा मी लग्नातही इतका खुललेला पाहिला नव्हता. त्या दिवसापासून परत जायचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही.

आणि हे सगळं तुम्ही कशा परिस्थितीत केलं ते तर तुमच्या सुनेने सांगितलं म्हणून कळलं. आम्ही मोकळे व्हायचो संध्याकाळी ७ ला, तेव्हा नागपुरात साडेनऊ, तुमची झोपायची वेळ. एप्रिल-मेचा महिना, आमच्याकडे पत्र्यावर पाऊस धो धो आणि तुमच्याकडे रात्रीही गरम झळा, आणि आमचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून तुम्ही कूलर बंद करून बसायच्या. या वयात. आम्हाला एका शब्दाने कळू दिलं नाही. नेटवर्क जायचं, पुन्हा लागायचं, तुम्ही तिथूनच वाक्य पुढे सुरू करायच्या.

शपथ झाली बाई, आम्ही आता व्हॉलंटियर झालो. पोस्टिंग दक्षिणेला न्जोंबेकडे मिळालंय, डोंगराळ भाग, जूनमध्ये स्वेटर घालून शिकवतो. आमच्यासोबतच्या ट्रेनींनी ते तीन रकाने उतरवून नेले, कोणी फिजिक्सला करतंय, कोणी बायॉलॉजीला. आमच्या शाळेतले एक टांझानियन सर तर म्हणाले की मला माझ्या फॉर्म वनमध्ये हे कोणी करून दिलं असतं तर! मी त्यांना तुमचा फोटो दाखवला, त्यांनी तुम्हाला शिकामू सांगितलंय, मोठ्यांना करतात तो नमस्कार.

यांना आता फॉर्म टूला लॉगरिदम शिकवायचंय आणि ते म्हणतात बाईंना विचारल्याशिवाय मी फळ्याला हात लावणार नाही. तुम्ही आम्हाला ते कोणत्या उदाहरणापासून सुरू केलं होतं ते नातवाकडून मेसेजमध्ये टाईप करून पाठवा, रात्री जागू नका.

तुमची,
दहावी ब मधली भूमितीवाली, आणि तुमचे जावईबापू