नात्याच्या रकान्यात काय लिहायचं

मनू बाळा,

रविवारी तू फोन ठेवलास त्याला आज पाच दिवस झाले. राग वगैरे काही नाही. तू "बाबा, परत तेच" म्हणालीस आणि खरंच परत तेच होतं. आई पण म्हणाली, तुम्ही पोरीला बोलूच देत नाही. म्हणून आता फोन न करता टाईप करतोय, एका बोटाने, चुका पदरात घे. आणि आधीच सांगून ठेवतो, तो विषय मी आज काढणार नाहीये.

इब्बूचाचाचं आईने ग्रुपवर टाकलंय ते वाचलं असशीलच. "इब्बूभाऊंची अँजिओप्लास्टी झाली, आता बरे आहेत", आणि पुढे ते हात जोडलेले. मी रविवारी तुला तेच सांगायला फोन केला होता खरं तर, आणि ते राहिलं बाजूला, भलतंच विचारत बसलो.

झालं ते असं. गुरुवारी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी भाभीचा फोन. भाऊ, लवकर या, यांना घाम फुटलाय, एवढंच बोलली. मी बनियनवर शर्ट चढवला, बटणं खालीवर, गाडी काढली. सतारमेकर गल्लीत गाडी आत वळत नाही हे मला पन्नास वर्षं माहितीये तरी घातली आणि अडकवली. शेवटी त्याला मी आणि शेजारचा पोरगा असं धरून कोपऱ्यापर्यंत चालवत आणला. तीन दिवस ॲसिडिटी आहे म्हणून सोडा पीत होता शहाणा. वाटेत मला म्हणतो, तुझी बटणं चुकलीत.

काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला. पेशंटचं नाव लिहिलं, वय लिहिलं, त्याखाली सही करणाऱ्याचं नाव आणि मग नातं. मी 'मित्र' लिहिलं. ती म्हणाली काका, नातेवाईक लागतील. म्हणलं त्याचा थोरला मस्कतला, धाकटा पुण्यात, निघालाय पण सकाळ होईल. ती म्हणाली मग तसं चालत नाही. तिची काही चूक नाही, तिला नियम. मी मित्र खोडलं आणि 'भाऊ' लिहिलं. तिने वरचं आडनाव बघितलं, खालचं बघितलं, माझ्याकडे बघितलं. सख्खे? म्हणलं हो. तिने शिक्का मारला. दोन स्टेंट टाकले.

तर मनू, तो रकाना काही डोक्यातून जाईना. बेंगळुरूमध्ये तुझ्या फॉर्मवर कोण सही करणार? लग्नाचं नाही म्हणत मी, तू लगेच तिकडे नेऊ नकोस. दोन वाजता फोन केला तर बटणं चुकवून येईल असं कोण आहे, एवढंच. तुझी ती मैत्रीण ऋता होती तोवर मला निवांत वाटायचं, आता ती पण सोडून गेली आणि तुम्ही बोलत पण नाही, का ते मी विचारणार नाही.

बघ, काढला विषय. सोड.

तुला चाचा म्हणजे तो भोपळ्याचा छोटा तानपुरा बनवून देणारा एवढाच माहिती. आमचं आठवीपासून आहे, १९७६. मी पहिल्या बाकावरचा, तो खिडकीशी. त्याच्या अंगाला लाखेच्या पॉलिशचा वास यायचा म्हणून पोरं त्याच्या शेजारी बसायची नाहीत. मला तो वास आवडायचा, अजून आवडतो. मग विलिंग्डन कॉलेजला पण एकत्रच, फिजिक्स. सायकल एकच होती, माझी, आणि आम्ही दोघं डबलसीट. चढावर तो उतरून पळायचा कारण म्हणे मला दम लागतो.

लॅबमध्ये सोनोमीटरचा प्रयोग असायचा. तार ताणायची, ट्यूनिंग फोर्क ठोकून पेटीवर टेकवायचा, आणि तारेवर कागदाचा एक चिमुकला तुकडा घडी करून ठेवलेला असतो तो उडाला की समजायचं तार जुळली. आम्ही सगळे ब्रिज सरकवत अर्धा अर्धा तास घालवायचो. इब्बूने फोर्क एकदा कानापाशी धरला, तार एकदा छेडली, ब्रिज सरकवला आणि फोर्क टेकवला. कागद टुणकन खाली. परत दुसरा फोर्क, परत तेच. सरांना वाटलं रीडिंगं कुणाची तरी छापली. बोलावून घेतलं, समोर करून दाखव म्हणाले. याने दाखवलं आणि वर म्हणाला, सर, हा तिसरा फोर्क गंजलाय, तो किंचित उतरलाय. सर काही बोललेच नाहीत. पुढे वर्षभर कुठलाही फोर्क आणला की आधी याला ऐकवायचे.

आणि छोटी गाडी. तुला ती आठवायचं कारण नाही, आता सगळं ब्रॉडगेज झालं. मिरज ते पंढरपूर नॅरोगेज होती, डबे खेळण्यासारखे. एफवायच्या सुट्टीत त्याच्या अब्बांनी आम्हाला पंढरपूरच्या बाजूला भोपळे आणायला पाठवलं. सतारीचा भोपळा भाजीचा नव्हे, कडू असतो, वेलावरच पुरता पिकू देतात, मग महिनोन्महिने वाळवतात, वाळला की घागरीएवढा होऊन वजनाला काहीच नाही. जाळ्यात बांधून नऊ भोपळे आणले. डब्यात बसायला जागा नाही, लोक शिव्या देतायत, एक म्हातारी म्हणे हे काय रे, देवाला चाललाय का देवाकडून आलाय. सांगोल्याच्या अलीकडे मला डुलकी लागली आणि मी कलंडलो तो थेट भोपळ्यावर. कटकन आवाज झाला. त्यातला सगळ्यात मोठा, तानपुऱ्याचा. मला रडूच फुटलं. त्या काळात ते काही थोडे पैसे नव्हते त्यांच्या घरात.

घरी गेल्यावर अब्बांनी जाळी सोडली, फुटका भोपळा हातात घेतला, काही न बोलता फिरवून बघितला. इब्बू म्हणाला, मी झोपलो होतो, माझ्या अंगाखाली आला. अब्बांनी त्याला एक ठेवून दिली. मी तिथंच उभा, आणि मी बोललो नाही. मनू, हे मी तुझ्या आईला पण सांगितलेलं नाहीये. बाहेर आल्यावर म्हणलं अरे का, तर म्हणतो, तुला मारलं असतं का त्यांनी? नसतं मारलं. नुसतं उद्यापासून येऊ नको म्हणाले असते.

पुढे माझी बँक, त्याचं दुकान. बी.एस्सी. करून जवारी घासत बसला म्हणून लोक हसले. जवारी म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानसीने इतका हलका घासायचा की तार टेकते पण अडत नाही, मग तो तानपुऱ्याचा भुंग्यासारखा आवाज येतो. घासायचं, वाजवून बघायचं, परत घासायचं, एक हात जास्त झाला की गेलं. २०२४ ला आपल्या मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय टॅग, म्हणजे वस्तू इथलीच असा सरकारी शिक्का, मिळाला, मी पेढे घेऊन गेलो, तर म्हणाला टॅगने जवारी निघत नाही रे, आणि दोन पेढे खाल्ले. (शुगर आहे त्याला. तेव्हाच ओरडायला हवं होतं मी.)

२००९ चा गणपतीतल्या दंगलीचा कर्फ्यू तुला आठवतो का, तू नऊ वर्षांची. आपण ब्राह्मणपुरीत, तो तिकडे, मध्ये पोलीस. त्या दिवसांत लोकांनी एकमेकांचे नंबर खोडले. तो रोज रात्री नऊला फोन करायचा, आम्ही काय बोलायचो माहितीये? काही नाही. जेवलास? जेवलो. ठेव. कर्फ्यू ढिला केला त्या दोन तासांत चालत आला, पिशवीत दूध आणि तुझी ती क्रीमची बिस्किटं. आईने आत ये म्हणलं तर दारातूनच, परत जायचंय वहिनी म्हणाला. चेहरा पांढरा पडला होता. घाबरला होता आणि तरी आला होता.

असं कुणीतरी हवं गं. हे बेंगळुरूत एका दिवसात मिळत नाही हे मलाही कळतं, आणि आमच्या वेळी रिकामा वेळ होता, तुम्हाला नाही, हेही कळतं. दहा तास कॉलवर बसून वर कुणाबरोबर छोट्या गाडीत बसणार. आणि तू एकटीने तिथं घर चालवतेस, गेल्या पावसात घरात पाणी शिरलं तेव्हा तूच सगळं निस्तरलंस आणि आम्हाला दोन दिवसांनी सांगितलंस, ते मी अख्ख्या बँकेत सांगत फिरलो होतो. पण दोन दिवसांनी का सांगितलंस ते पण सलतं. झालं, भाषण सुरू झालं. माफ कर. ऋताला मात्र एक मेसेज टाक. चूक कुणाची का असेना. माझं तर चाळीस वर्षं त्या भोपळ्याचं सांगायचं राहिलंय.

परवा आयसीयूमध्ये मला पाच मिनिटं आत सोडलं. नाकात नळी, हाताला सलाईन, बाजूला ते मशीन टुकटुक करतंय. मला वाटलं झोपलाय. डोळे मिटूनच म्हणाला, काळी चारच्या सुराच्या जरा खाली बोलतंय हे, रात्रभर झोप नाही. मी म्हणलं इब्बू, तो भोपळा. तो म्हणाला कुठला? मी म्हणलं काही नाही, पड.

काल घरी सोडलं. त्याला संध्याकाळी पाचनंतर फोन कर, दहा मिनिटंच बोल, डॉक्टरांनी जास्त बोलू नका म्हणलंय आणि तो ऐकत नाही. तानपुऱ्याचं विचारेल. कपाटावरच आहे, गवसणीत, आई दर दिवाळीला पुसते, असं सांग. तारा गंजल्यात ते सांगू नकोस.

तुझा,
बाबा

ता.क. तुझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या त्या मावशी, इडलीचं पीठ देतात त्या, त्यांचा नंबर पाठव. मी नाही, इब्बूने मागितलाय.