मूरिंगची यंत्रं तयार करून देणाऱ्या ताईंचे जाहीर आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

मूरिंगवरची, म्हणजे समुद्राच्या तळाशी नांगरून वर्षभर पाण्यात ठेवायच्या साखळीवरची, सगळी मोजमापाची यंत्रं तुम्ही तयार करून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. नेमकं काय केलंत तेही इथे लिहितो, म्हणजे डेकवर नव्याने येणाऱ्यांना कळेल.

आधी ओ-रिंग, म्हणजे झाकणाच्या खाचेत बसून पाणी अडवणारी रबरी कडी. ४००० मीटरवर वातावरणाच्या सुमारे ४०० पट दाब असतो, तरी गळती पुष्कळदा उथळ पाण्यातच सुरू होते. खोलवर दाबच रिंगला खाचेत घट्ट बसवतो. वर तो आधार नसतो, आणि एखादा केस अडकला तरी पाणी आत शिरतं. तुम्ही जुन्या रिंग प्लास्टिकच्या टोच्याने काढल्यात (धातूच्या टोच्याने खाचेवर ओरखडा पडला की नवी रिंगही वाया), खाच धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून भिंगाखाली पाहिलीत, आणि सिलिकॉन ग्रीस फक्त चमक येईल इतकंच लावलंत. जास्त ग्रीस म्हणजे कचऱ्याला आमंत्रण.

बॅटऱ्यांचं तर विशेष कौतुक. लिथियम थायोनिल क्लोराइडचा सेल अर्धा संपला तरी मीटरवर साधारण ३.६ व्होल्टच दाखवतो आणि शेवटी एकदम कोसळतो. दर दहा मिनिटांनी नोंद म्हणजे वर्षाला ५२,५६० नोंदी. वापरलेल्या पॅकवर हा जुगार तुम्ही खेळू दिला नाहीत.

घड्याळं जीपीएसवरून यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेला) लावून यंत्राची आणि खरी वेळ शेजारीशेजारी लिहिलीत. परतल्यावर, घड्याळ पुन्हा लावण्याआधी तीच नोंद घेतली, तरच वर्षभरात ते किती सरकलं ते काढता येतं.

वाहकतेचा सेल (पाण्यातून वीज किती वाहते ते मोजणारा भाग, त्यावरून क्षारता काढतात) शुद्ध पाण्याने धुतलात, कारण आत मळ बसला की क्षारता खरी असते त्याहून कमी दिसते. त्याच्या टोपणांना लाल फिती बांधल्यात हे फार बरं झालं. टोपण तसंच राहिलं तर वर्षभराची क्षारता गेलीच.

दोन्ही ध्वनी-रिलीज (ध्वनीचा संकेत मिळताच नांगर सोडणारे आकडे) तुमच्या यादीप्रमाणे तारेवरून खोल सोडून तपासले. ते समांतर जोडलेले असल्याने एक उघडला तरी नांगर सुटतो. दोन्ही अडले तर सगळी साखळी तळाशीच.

आणि ती शेवटची चिठ्ठी: ‘पाणी शिरलेल्या यंत्रात दाब कोंडलेला असू शकतो. झाकणासमोर उभं राहू नका, आधी व्हेंट प्लग (दाब सोडण्याचं बूच) हळूहळू सैल करा.’ तिची प्रत डेकवर लावली आहे.

आपले,
मूरिंगवरची मंडळी