राबानास्टरमध्ये पुढे कोण चालणार?

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘फायनल फँटसी बारा’ तू पुन्हा अर्ध्यावर सोडलास आणि कारणही जुनंच दिलंस: यात हिरो कोण तेच कळत नाही, आणि ज्याला घेऊन गावभर फिरायचं तो वान तुला भावत नाही. त्यावर फोनवर बोललो असतो तर तू मधेच तोडलं असतंस, म्हणून लिहूनच काढतो. एक मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून टाकायचा छोटा बदल, मिळाला आहे आणि त्याने माझं या गेमकडे बघणंच बदललंय.

तुला आठवत असेल, गावाबाहेर लीडर कोण ठेवायचा हे आपल्या हातात असतं. वान, अ‍ॅश, बाश, बॅल्थियर, फ्रॅन, पेनेलो, या सहांपैकी तिघं मैदानात, आणि त्या तिघांत कुणालाही पुढे करता येतं. पाहुणे म्हणून येणारे, लार्सा किंवा व्हॉस्लर, तेवढे लीडर होत नाहीत. लढाईत या लीडरपणाला खरा अर्थ आहे. बाकीच्यांच्या गॅम्बिटमध्ये, म्हणजे कुणी कधी काय करायचं ते आधीच ठरवून ठेवणाऱ्या नियमांत, ‘लीडरने धरलेला शत्रू’ अशी अट घातली, की लीडर ज्याच्यावर जाईल त्याच्यावर सगळे तुटून पडतात. मी बाशला पुढे ठेवतो. तो जवळ जाऊन भिडतो, फ्रॅन मागून बाण मारते, आणि सगळ्यांचा मारा एकाच शत्रूवर पडतो. बॅल्थियर लीडर असला की तीच मंडळी वेगळीच लढतात.

पण शहराच्या दरवाजातून आत पाऊल टाकलं की हे सगळं बंद. वाळवंटात कुणीही पुढे असो, राबानास्टर या राजधानीच्या चौकात धावताना दिसतो तो वानच. हा मॉड नेमकी तेवढीच गोष्ट बदलतो. लुआ भाषेत लिहिलेली छोटी स्क्रिप्ट आहे. ती चालवणारा लोडर आधी टाकावा लागतो, मग शहरातही तू निवडलेला लीडर चालतो. नवीन काही बनवावं लागत नाही, कारण अ‍ॅशचं चालणं, धावणं, उभं राहणं गेमकडे आधीपासून आहेच. बाहेर ती चालतेच ना. कथेतले ठरलेले प्रसंग मात्र जसे आहेत तसेच राहतात, आणि दुकानदार मिगेलो समोर अ‍ॅश उभी असली तरी ‘वान’ म्हणूनच हाक मारतो. संवादाला हात लावलेला नाही आणि तो लावू नये असंच मला वाटतं.

आता तुझ्या तक्रारीकडे येतो. बाशच नायक असावा असं आधी बनवणाऱ्यांच्याही मनात होतं. वान आणि पेनेलो नंतर घडले आणि कथेचा झोत त्यांच्याकडे वळला. त्यामुळे तुला जे खटकतं ते हवेतलं नाही. पण वानच का, याचं उत्तर कथेतच आहे आणि आपण ते नीट पाहिलं नव्हतं. युद्ध संपून दोन वर्षं झालीत, डलमास्काचं राज्य आर्केडियाच्या साम्राज्याच्या ताब्यात आहे. तिथली राजकुमारी अ‍ॅशने जीव दिला असं भुजर्बा शहराचा शासक मार्क्विस ऑन्डोरने जाहीर केलंय. कॅप्टन बाशला राजद्रोहासाठी मृत्युदंड दिला असंही त्यानेच सांगितलंय. बॅल्थियर आणि फ्रॅन आकाशातले चाचे, त्यांच्या डोक्यावर इनाम आहे. पहारेकऱ्यांच्या नाकासमोरून उजळ माथ्याने कोण जाऊ शकतं? दोन अनाथ पोरं. वानचा भाऊ युद्धात गेला, तो मिगेलोच्या दुकानात काम करतो, गल्लीतला प्रत्येक पोरगा त्याला ओळखतो. जिंकून घेतलेल्या शहरात फिरण्याची मुभा असलेला माणूस म्हणून तो पुढे चालतो, आणि मला ते फार प्रामाणिक वाटतं.

मग मॉड कशाला, असं विचारशील. लेव्हायथन या आर्केडियाच्या हवाई युद्धनौकेवरून सुटल्यानंतर मी अ‍ॅशला पुढे करून राबानास्टरमध्ये गेलो. दक्षिण चौकातलं ते कारंजं, मुथ्रू बाजारातली गर्दी, बांगा आणि सीक जातीचे लोक, पोरांचा कालवा. दर थोड्या अंतरावर चिलखतातले शाही शिपाई. एका शिपायाच्या अगदी पुढ्यात तिला उभं केलं. तो जागचा हलला नाही. जिचं राज्य आहे ती त्याच्या हातभर अंतरावर आहे आणि त्याच्या लेखी ती मेलेली आहे! तिथून तिला उत्तरेला राजवाड्याच्या बाजूला नेलं. तिचं लग्न ज्या शहराने पाहिलं, जिथून तिचा नवरा रासलर नाल्बिना किल्ल्याच्या लढाईला गेला आणि परतला नाही, ते हे शहर. गेमने तिथे काही लिहिलेलं नाही, संगीतही बदलत नाही. तरी मी बराच वेळ तिला तिथेच उभं ठेवलं. वानला घेऊन तिथून कितीदा तरी पळत गेलो असेन, कधी थांबलो नव्हतो.

तेव्हापासून मी ठरवलंय की ज्याचं गाव त्याला पुढे करायचं. गोलमोरच्या जंगलातल्या एरूइट गावात फ्रॅन. पन्नास वर्षांपूर्वी ती तिथून निघून गेली, आणि आता तिची बहीण जोट तिला परकी मानते. त्या फळ्यांच्या वाटांवर वानने पुढे धावणं मला आता बघवत नाही. आर्केडियाच्या राजधानीत, आर्केडीजमध्ये बॅल्थियर. तो तिथल्या डॉक्टर सिडचा मुलगा, एकेकाळचा जज, सगळं टाकून पळालेला. त्या उंच इमारतींखाली त्याची ती ऐटदार चाल बघ, मग सांग. बाशचं मात्र अवघड आहे. त्याचा देश लँडिस, आर्केडियाने कधीच गिळला, आणि गेममध्ये आपल्याला तिथे जाताच येत नाही. त्याला द्यायला गावच नाही. म्हणून मी त्याला नाल्बिनाच्या बाजारात चालवतो. राजाच्या खुनाचा आळ त्याच्यावर तिथेच आला आणि त्याच किल्ल्याखाली तो पिंजऱ्यात टांगलेला होता.

एका ठिकाणी मॉड बंद ठेव: भुजर्बा. तिथे वानला रस्त्यारस्त्यात ओरडत फिरायचं असतं, ‘मी डलमास्काचा कॅप्टन बाश फॉन रॉन्सनबर्ग!’ लोकांनी, विशेषतः तिथल्या परिजन म्हणवणाऱ्या वाटाड्यांनी ऐकलं की गवगवा वाढतो आणि ऑन्डोरच्या माणसांपर्यंत बातमी जाते. तिथे खुद्द बाशला पुढे केलंस तर प्रसंगातला जीवच जातो. मेलेल्या माणसाचं नाव एका पोराच्या तोंडून गावभर व्हावं, आणि तो माणूस मागे गप्प उभा असावा, हेच तर त्यात आहे. आर्केडीजमध्येही लोकांच्या कहाण्या जुळवून चॉप्स, म्हणजे त्या शहरात मान मिळवून देणारी लाकडी चिन्हं, मिळवायचे असतात तेवढ्यापुरता वान पुढे असू दे. गेममधला तो भाग त्याच्यासाठीच लिहिलेला आहे, उगाच अडकायला नको.

हे सगळं २०१८ मध्ये पीसीवर आलेल्या ‘झोडिएक एज’साठी आहे. तुझ्याकडे तीच आहे ना? टाकण्याआधी सेव्ह फाइलची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेव. दुसरे मॉड असतील तर आधी एकट्या याच्यावर चालवून बघ. गेमला अपडेट आला तर लोडरही त्या आवृत्तीचा लागेल.

तुझा सेव्ह कुठवर आलाय ते कळव. लेव्हायथन झालं नसेल तर तिथवर वानला सहन कर, जास्त लांब नाही. आणि पेनेलोला कोणतं गाव द्यावं हे मला अजून सुटलेलं नाही. राबानास्टर तिचंही आहे, पण ते मी अ‍ॅशला देऊन बसलोय. तुला काय वाटतं ते सविस्तर लिही.

काकांना नमस्कार सांग.

तुझा,
निखिल