शनिवारच्या वर्गाला हातभार हवा आहे

सप्रेम नमस्कार,

चेंबूर कॅम्पातल्या आपल्या वाचनालयात गेल्या पावसाळ्यापासून दर शनिवारी दुपारी एक वर्ग भरतो. त्यात बसतात अफगाण निर्वासित कुटुंबं. कॅनडात कायमचं पुनर्वसन व्हावं म्हणून त्यांचे अर्ज गेलेत, आता निरोपाची वाट पाहणं चालू आहे. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. इथे आसरा मिळतो, कायमचा ठिकाणा होत नाही. जगभरातल्या निर्वासितांपैकी एक टक्क्याहून कमी लोकांना वर्षाकाठी अशी तिसऱ्या देशात जागा मिळते. ज्यांचा नंबर लागतो त्यांना निघण्यापूर्वी आयओएम ही स्थलांतराचं काम पाहणारी आंतरराष्ट्रीय संस्था तिथल्या जगण्याची ओळख करून देते. पण तो वर्ग मोजक्या दिवसांचा. जिने शाळेची पायरी चढलेली नाही, तिला तेवढ्यात किती झेपणार? म्हणून आम्ही आतापासूनच सराव करून घेतो.

मागच्या महिन्यात दवाखान्याचा पाठ होता. आमच्यातल्या एक ताई डॉक्टर होऊन बसल्या. समोर आलेल्या आईने सवयीने दहा वर्षांच्या मुलाला पुढे केलं. बाजारात, शाळेत तिच्या वतीने तोच हिंदी बोलतो. ‘काय त्रास होतो?’ ताईंनी विचारलं. मुलगा आईकडे बघत राहिला, आईने ओढणी तोंडावर घेतली. पाळीचं दुखणं पोटच्या पोराच्या तोंडून कसं सांगणार! त्या दुपारी तिने एकच वाक्य घोकलं: ‘आय नीड अ दारी इंटरप्रिटर’, म्हणजे मला दारी भाषेचा दुभाष्या हवा. दारी ही फारसीचीच अफगाणिस्तानातली बोली. पाचव्या खेपेला आवाज मोकळा निघाला. कॅनडातल्या दवाखान्यात दुभाष्या मागता येतो, हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तातडीच्या मदतीसाठी तिथल्या ९११ नंबरला फोन लावून पत्ता सांगणं, प्रवासखर्चासाठी कॅनडा सरकारकडून मिळणाऱ्या कर्जाचे हप्ते, उणे वीस अंशांतले कपडे, असे कितीतरी पाठ बाकी आहेत.

आपल्या कॅम्पाला हे नवं नाही, महाराष्ट्रालाही नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं इथेच उतरली. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. पुढचा देश ठरेपर्यंत त्यांची मुलं छावणीतल्याच शाळांत शिकली. वाट पाहण्याचा काळ त्यांनी वाया जाऊ दिला नाही.

आम्हाला सगळ्यात निकड आहे ती फारसी जाणणाऱ्या बायकांची. मुंबईतल्या इराणी घरांमधून कुणी येऊ शकेल का? फारसी आणि दारी बोलणाऱ्यांना एकमेकींचं समजतं. आया शिकत असताना तान्ह्यांना सांभाळायलाही दोघी-तिघी हव्यात. काही कुटुंबं मुंब्र्याहून येतात, त्यांच्या लोकल-रिक्षाचं भाडं आणि चित्रांच्या पुस्तिकांची छपाई एवढ्यासाठी पैसे लागतात. आणि परदेशातून आणलेली जाड जॅकेटं माळ्यावर पडून असतील, तर ती धुऊन आणून द्या.

देणगी वाचनालयाच्या नावाने चेकने द्यावी, पावती मिळेल. रोज संध्याकाळी ६ ते ८ कुणी ना कुणी टेबलापाशी असतं. शनिवारी थेट वर्गात आलात तरी चालेल. फक्त बायका-मुलांचे फोटो काढू नका. त्यांची माणसं अजून अफगाणिस्तानात आहेत.

आपली,
वाचनालयाची कार्यकारिणी