हिरवा पाला ओरबाडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२८ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता करवीर तालुक्यात ३० गुंठे ऊस करतो. परवा शेजारच्या गुऱ्हाळावर काकवी आणायला गेलो होतो. बोलता बोलता म्हटलं, ही सगळी साखर वाऱ्यातून आलेली. चुलवाणापाशी बसलेला एक जण म्हणाला, "गुरुजी, वाऱ्यावर पिकत असती तर खताला पैसं कशाला घातलं असतं?"

प्रश्न रास्त आहे. पण गुळाच्या १० किलोच्या रव्यात (ढेपेत) जवळजवळ ४ किलो कार्बन असतो आणि तो पानांनी हवेतूनच ओढलेला असतो. हवेच्या १०,००० रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे जेमतेम चार! उन्हाच्या बळावर पान पाणी फोडतं (बाहेर पडणारा ऑक्सिजन या पाण्यातला, परीक्षेत निम्मा वर्ग इथंच चुकायचा) आणि त्यातून मिळालेल्या शक्तीवर कार्बनला कार्बन जोडत साखर बांधतं.

हे जोडकाम सुरू करणारं विकर (एन्झाइम) म्हणजे रुबिस्को. भाताच्या पानात त्याची गफलत होते. कार्बन डायऑक्साइड सोडून ते मधूनच ऑक्सिजन पकडतं आणि केलेली मेहनत वाया जाते. उसानं यावर तोड काढली आहे. पानातल्या बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड धरून त्याचं चार कार्बनांचं आम्ल करतात आणि शिरेभोवतीच्या पेशींकडे पोचवतात. तिथं कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा होतो नि रुबिस्कोभोवती त्याची दाटी होते. फडातून मोळ्या आणणारे वेगळे, काइलीवरचा गुळव्या वेगळा, तसंच हे. १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी हा मार्ग उलगडला, तोही उसाच्याच पानांवर.

मग खत कशाला? रुबिस्को हे प्रथिन आहे, ते घडवायला नत्र लागतं. युरिया जातो तो पानाच्या कामाला.

म्हणूनच उभ्या उसाचा हिरवा पाला ओरबाडून जनावरांपुढं टाकलेला बघवत नाही. वाळलेला पाला खुशाल काढावा, तोडणीचं वाडं (शेंड्याकडचा हिरवा भाग) तर जनावरांचंच. पण युरिया विकत आणायचा आणि त्यानं हिरवी झालेली पानं कांडीत साखर भरायच्या आधीच म्हशीला घालायची, हा कुठला हिशेब?

आमच्या घरी हे बंद केलं. म्हशीला आता हत्तीगवत घालतो. पहिले दोन दिवस तिनं तोंड लावलं नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. करवीर, जि. कोल्हापूर