वर्कऑर्डरवर सही होण्याआधी: रंगकाम, शेड आणि सेप्टिक टाकीच्या कामांतील सुरक्षेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व व्यवस्थापक समिती सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, रत्नागिरी

विषय: तिन्ही कामांच्या वर्कऑर्डरमध्ये कामगारांच्या सुरक्षेच्या अटी घालण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

वार्षिक सभेत ठरल्याप्रमाणे इमारतीचे बाहेरून रंगकाम, गच्चीवरच्या शेडचे पत्रे बदलणे आणि सेप्टिक टाकीचा उपसा अशी तीन कामे आता निघणार आहेत. तिन्हींची दरपत्रके नोटीस बोर्डावर लावलीत, त्याबद्दल आभार. त्यांत रंगाचे किती हात मारणार ते आहे, पत्र्याची जाडी आहे, हमी किती वर्षांची तेही आहे. पण काम करणारी माणसे कशाला बांधलेली असतील, टाकीत कोणी उतरणार की नाही, याबद्दल एकाही कागदावर एक ओळ नाही. आगाऊ रक्कम दिल्यावर ठेकेदाराकडून नवीन काही मागून घेणे अवघड जाते, म्हणून हे पत्र आजच देत आहे.

मिरजोळे किंवा लोट्याच्या एमआयडीसीत चांगल्या कारखान्यात उंचीवर चढायचे तर आधी वर्क परमिट (कामाची लेखी परवानगी) लागते, सुरक्षा पट्टा तपासला जातो, खाली एक माणूस उभा राहतो. कारण तिथे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा निरीक्षक येऊ शकतो. तोच कामगार दुसऱ्या दिवशी एखाद्या सोसायटीत कमरेला दोर गुंडाळून अनवाणी लोंबकळताना दिसतो. चार-पाच माणसांच्या कामावर निरीक्षक फिरकत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही साधारणपणे दहा कामगारांची अट आहे. म्हणजे आपल्या आवारातल्या कामावर अपघाताआधी नजर ठेवणारे कोणी असेल तर ते फक्त आपणच. अपघातानंतर मात्र पोलीस येतात, आणि निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

सेप्टिक टाकीचे आधी लिहितो, कारण तिथे चूक सुधारायला वेळ मिळत नाही. २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याचे कलम ७ सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईलाही लागू आहे आणि त्यात दहा कामगारांची अट नाही. प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे, कोणीही, एकाही माणसाला असे काम सांगू शकत नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘आम्ही ठेकेदाराला सांगितले होते’ ही पळवाट ‘अप्रत्यक्षपणे’ या एका शब्दाने बंद केली आहे. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीच्या एका खासगी सोसायटीत तिघांचा सेप्टिक टाकीत मृत्यू झाला. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या विधवांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. गटार आणि टाकीतल्या अशा मृत्यूंसाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम ३० लाखांवर नेली.

माणूस टाकीत का उतरवला जातो, त्याचे कारण आपल्याच हलगर्जीत आहे. दर दोन-तीन वर्षांनी उपसा झाला तर गाळ पातळ राहतो आणि मैला शोषून घेणाऱ्या गाडीचा पाइप तो ओढून घेतो. सात-आठ वर्षे झाकण उघडलेच नाही तर तळाशी थर घट्ट बसतो, त्यात सॅनिटरी पॅड आणि प्लॅस्टिक अडकते, पाइप तुंबतो. मग मुकादम म्हणतो, ‘एक जण उतरून मोकळे करतो, पाच मिनिटांचे काम आहे.’

थर घट्ट असला की त्यात हायड्रोजन सल्फाइड वायू कोंडलेला असतो. फावडे किंवा काठी घालून गाळ ढवळला की तो वायू एकदम सुटतो. झाकणे तासभर उघडी ठेवली, वास कमी झाला, म्हणून टाकी सुरक्षित झाली असे होत नाही. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साठून राहतो. थोड्या प्रमाणात सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. पाचशेच्या पुढे गेल्यावर माणूस काही श्वासांत कोसळू शकतो. शिवाय टाकीत प्राणवायू कमी असतो. नेहमीच्या हवेत तो २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला तर आत जाऊ नये असा नियम आहे. तोंडाला रुमाल किंवा एन-९५ मास्क बांधून यातले काहीच टळत नाही, कारण मास्क धूळ अडवतो, वायू नाही. कंदील सोडून बघण्याची जुनी पद्धत तर दुहेरी घातक. ज्योत हायड्रोजन सल्फाइडचा पत्ता देत नाही, आणि टाकीत मिथेन पाच ते पंधरा टक्क्यांच्या मध्ये असेल तर त्याच ज्योतीने स्फोट होतो. गाळ सुटावा म्हणून तेजाब (ॲसिड) ओतणेही थांबवायला हवे. आम्लामुळे गाळातला सल्फाइड वायूरूपाने बाहेर येतो. तेजाबावर ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरीन तयार होतो.

तेव्हा अट एकच असावी: कोणत्याही कारणाने माणूस टाकीत उतरणार नाही. उपसा फक्त गाडीने, वरून. थर घट्ट असेल तर पाण्याचा जोरदार झोत मारायचा, सुटलेला गाळ ओढायचा, पुन्हा झोत मारायचा, लागल्यास गाडीची दुसरी फेरी. तेवढ्यानेही झाले नाही तर स्लॅबला दुसरे तोंड पाडून तिथून झोत सोडायचा. त्याचा खर्च आपण देऊ. झाकण हुकने उचलावे, वारा पाठीकडून येईल असे उभे राहावे, विडी-काडी आसपास नको, आणि उघड्या तोंडाभोवती कठडा बांधावा म्हणजे मुले जवळ येणार नाहीत. सुरक्षित सफाईसाठी १४४२० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. तो वॉचमनच्या टेबलावर चिकटवून ठेवावा.

जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीबाबत आणि आवारातल्या विहिरीबाबतही अशीच काळजी हवी. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत पाण्याची टाकी साफ करताना चार कामगार गुदमरून गेले. बंद टाकीत प्राणवायू आपोआप घटतो. त्यात वॉटरप्रूफिंगचा प्रायमर लावला तर त्याची वाफ कोंडते. एप्रिल-मेत विहिरीचा गाळ काढताना पेट्रोल किंवा डिझेलचा पंप आत उतरवतात. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. इंजिन नेहमी काठावर, विहिरीपासून दूर ठेवावे. पाण्याच्या टाकीत उतरणे भाग असेल तर आधी वायू मोजणाऱ्या यंत्राची नोंद, पंखा लावून हवा सतत खेळती, अंगात दोरीला जोडलेला पट्टा आणि वर ओढायला तिपाई, आणि वर दोन माणसे, जी कुठेही जाणार नाहीत.

कोणी आत कोसळला तर दुसऱ्याने उडी मारू नये. अशा अपघातांत वाचवायला गेलेला माणूसही अनेकदा तिथेच जीव गमावतो. पट्ट्याला दोर असेल तर वरून ओढा, नसेल तर अग्निशमन दलाला १०१ वर आणि रुग्णवाहिकेला १०८ वर फोन करा.

आता रंगकाम. दोन दरपत्रकांत झुला (गच्चीवरून दोरांनी टांगलेली बैठक) आहे, एकात परांची. परांचीचा दर जास्त आहे, तरी चार मजल्यांच्या आपल्या इमारतीला लोखंडी पाइपची परांचीच घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. झुलाच ठरला तर सगळा प्रश्न एवढाच आहे की दोर वर कशाला बांधला. आपल्या गच्चीचा कठडा जांभ्याच्या चिऱ्यांचा आहे. चिरा वरून दाबाचा भार घेतो, पण बाहेरच्या बाजूने ओढला की सांध्यातून सुटतो. कठड्याला, टाकीच्या पाइपला, सोलरच्या स्टँडला किंवा शेडच्या खांबाला दोर बांधणे म्हणजे न बांधण्यासारखेच. जिन्याच्या खोलीचे आरसीसी खांब हीच जागा, तेही हातोडीने ठोकून पाहिल्यावर. खाऱ्या हवेने आतली सळई गंजली की काँक्रीट फुगते आणि ठोकल्यावर पोकळ आवाज येतो. असा खांब नको. एका माणसासाठी आधार निदान २२ किलोन्यूटनचा, म्हणजे ढोबळमानाने सव्वादोन टन ताण सोसणारा असावा.

झुल्याचा दोर वेगळा आणि पडताना माणसाला धरणारा जीवनदोर वेगळा, दोन वेगळ्या खांबांना. दोन्ही एकाच गाठीत असतील तर दुसरा असून नसल्यासारखा. कठड्याच्या कडेवर दोर घासतो तिथे जुन्या टायरचा तुकडा किंवा जाड गोणपाट ठेवावे. प्लॅस्टिकचा निळा-पिवळा दोर आपल्याकडच्या उन्हात एका हंगामातच कडक होतो, तंतू सुटतात. त्यावर थिनर सांडलेला असेल तर तो सरळ बाद करावा. कमरेचा पट्टा चालणार नाही, पडताना तो मणक्याला इजा करतो किंवा माणूस त्यातून निसटतो. आयएस ३५२१ या भारतीय मानकाप्रमाणे संपूर्ण अंगाचा पट्टा लागतो. तो दोन-चार हजारांत मिळतो.

पट्टा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, हे मात्र फार थोडे ठेकेदार सांगतात. पट्टा जीवनदोराला जोडणारा जोडदोर १.८ मीटरचा, झटका शोषणारा भाग उलगडून आणखी मीटरभर किंवा जास्त लांबतो, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर, आणि खाली मीटरभर मोकळी जागा. म्हणजे निदान ५.३ मीटर. जोडदोराचा आकडा (हुक) पायाच्या पातळीला अडकवला असेल तर अजून जास्त. पहिल्या मजल्याच्या उंचीवर हा जोडदोर पडणे पूर्ण थांबवण्याआधीच माणूस जमिनीवर पोचू शकतो. म्हणून खालचे दोन मजले कठडा असलेल्या परांचीवरूनच करावेत, आणि वर आकडा नेहमी डोक्याच्या वर अडकवावा. पडलेला माणूस पट्ट्यात लटकत राहिला तर पायांत रक्त साचून बेशुद्ध होऊ शकतो. त्याला पंधरा मिनिटांच्या आत खाली घेण्याची सोय कामाआधीच ठरलेली हवी.

परांचीच्या पायाखाली फळी किंवा लोखंडी तबकडी लागते, पावसानंतरची लाल माती अजून मऊ आहे. परांची खिडकीच्या ग्रिलला बांधू देऊ नये. गंजलेल्या ग्रिल एका झटक्यात निघतात. पश्चिमेच्या भिंतीचे काम सकाळी उरकावे, कारण दुपारी खारे वारे वाढतात, आणि विजा चमकू लागल्या की सगळेच थांबावे.

शेडचे काम लोकांना किरकोळ वाटते. उंची दहा फूट, पडले तरी गच्चीवरच, असा समज. पण आपली शेड कठड्याच्या बाहेर आली आहे, तिथून पडणारा गच्चीवर नाही, पार्किंगमध्ये पडतो. उजेडासाठी मधे मधे घातलेले फायबरचे पत्रे उन्हाने ठिसूळ झाले आहेत, आणि शेवाळ व धुळीमुळे वरून ते बाकीच्या पत्र्यांसारखेच दिसतात. त्यावर पाय पडला की माणूस आरपार. काम सुरू करण्याआधी खालून बघून प्रत्येक फायबर पत्र्यावर वरच्या बाजूने लाल रंगाची फुली मारून घ्यावी. पत्र्यावर थेट चालू नये, निदान दीड फूट रुंदीची, तीन वाशांवर टेकणारी फळी टाकावी. बोल्टच्या रेषेवर पाय ठेवायचा हे कारागिरांना माहीत असते, पण त्या रेषेखालचा वासाच गंजला असेल तर तो हिशेब चुकतो. वासे खालून स्क्रूड्रायव्हरने टोचून बघावेत. शक्य तेवढे पत्रे खालून, चाकाच्या परांचीवर उभे राहूनच सोडवावेत. वाऱ्यात पूर्ण लांबीचा पत्रा उचलणारा माणूस पत्र्यासकट ओढला जातो, त्यामुळे पत्रे हलवणेही सकाळीच.

विजेबद्दल थोडक्यात. ग्राइंडर, ड्रिल, प्रेशर पंप यांना आपल्या कॉमन मीटरवरून कनेक्शन देताना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असलेला बोर्डच वापरावा आणि रोज सकाळी त्याचे टेस्ट बटण दाबून बघावे. मागच्या गल्लीतल्या ११ केव्हीच्या उच्चदाब विजेच्या लाइनच्या बाजूला परांची बांधण्याआधी महावितरणला लेखी कळवून तेवढा वेळ वीज बंद करून घ्यावी. ओला बांबूही वीज वाहून नेतो.

‘काम स्वतःच्या जबाबदारीवर करत आहे’ असे कामगारांकडून लिहून घेण्याची सूचना मागच्या बैठकीत आली होती. कृपया तसे करू नये. नुकसानभरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यात टिकत नाही, आणि आपल्याला धोका माहीत होता याचाच तो पुरावा ठरतो. त्याऐवजी ठेकेदाराची कामगार नुकसानभरपाई विमा पॉलिसी मागावी. तीत कामगारांची संख्या, उंचीवरचे काम आणि आपला पत्ता लिहिलेला आहे का ते पाहावे. महिना १५,००० रुपये वेतन धरले तर तीस वर्षांच्या कामगाराच्या मृत्यूची भरपाई सूत्रानुसार साडेपंधरा लाखांच्या वर जाते. पॉलिसी नसलेला छोटा ठेकेदार ती रक्कम देऊ शकणार नाही, आणि ते कुटुंब उघड्यावर पडेल.

माझी विनंती अशी. तिन्ही ठेकेदारांकडून दरपत्रक पुन्हा मागवावे आणि सुरक्षेचा खर्च वेगळ्या ओळीत लिहायला सांगावा: पट्टे, जीवनदोर, फळ्या, बोर्ड, विमा. तो वेगळा असला की घासाघीस करताना कोणी त्यालाच कात्री लावणार नाही, आणि आज सगळ्यात स्वस्त दिसणारे दरपत्रक कशामुळे स्वस्त आहे तेही कळेल. रोज काम सुरू होण्याआधी समितीतल्या एकाने गच्चीवर जाऊन गाठी बघून वहीत सही करावी. त्यासाठी दहा मिनिटे पुरतात. पट्टा नसलेल्या माणसाला थांबवण्याचा अधिकार वॉचमनला लेखी द्यावा आणि त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही हेही लिहावे, नाहीतर कामगार स्वतःच वॉचमनची समजूत घालून वर चढेल.

अटींचा मसुदा मी बैठकीच्या आधी सचिवांकडे देतो. गच्चीवरचे खांब ठोकून बघायला आणि फायबरच्या पत्र्यांवर खुणा करायला येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी येईन. समितीतल्या एकाने किल्ली घेऊन यावे.

आपला नम्र,
सभासद, बी विंग