जाहीर केलं म्हणजे झालं का?

मा. संपादक, स. न. वि. वि.

कालच्या अंकातला ब्रिटनच्या संसदेतल्या वरच्या सभागृहावरचा, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सवरचा, लेख वाचला आणि चहा गार झाला. लेखक महाशयांनी परंपरा, अनुभव, संयम असं बरंच काय काय लिहिलंय, चांगलंय, पण दुखऱ्या जागेला हातच नाही लावला. 1999 च्या कायद्याने वंशपरंपरेने बसणारे सदस्य काढले तरी 92 ठेवलेच, आणि 2024 पर्यंत त्यातला एक गेला की जागा भरायला पोटनिवडणूक व्हायची! 2016 ला व्हायकाउंट (हा तिथला सरदारकीचा किताब) थर्सो निवडून आले तेव्हा उमेदवार 7 आणि मतदार 3. तिन्ही मतं त्यांनाच. आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीला पण यापेक्षा जास्त मतं लागतात हो. बरं हे गृहस्थ आदल्याच वर्षी खासदारकीला पडलेले.

पण मला झोंबलं ते विज्ञानलेखक मॅट रिडलींचं नाव एका ओळीत उरकलेलं. आधी वडील नॉर्दर्न रॉक बँकेचे चेअरमन, मग 2004 पासून हे. सप्टेंबर 2007 ला बँकेबाहेर रांगा, ऑक्टोबरात यांचा राजीनामा, फेब्रुवारी 2008 ला बँक सरकारच्या गळ्यात. 2012 ला वडील वारले, हे व्हायकाउंट झाले आणि 2013 ला लॉर्ड्समध्ये हजर! नॉर्थम्बरलँडच्या इस्टेटीवर तेव्हा कोळशाची खाण होती, आणि हवामान बदलाचा उगाच बाऊ करतात असं लिहिणार-बोलणार. कोळशातला हितसंबंध त्यांनी नियमाप्रमाणे जाहीर केला होता, लपवला नाही, मान्य. तुमचे लेखक पण तेवढ्यावरच खूश.

अहो जाहीर तर आमच्याकडे पण केलं होतं. आमच्या गावची पतसंस्था (नाव लिहीत नाही, उगाच नोटीस नको), आधी वडील चेअरमन मग मुलगा. वार्षिक अहवालात 'संचालक व त्यांच्या नातेवाईकांना दिलेली कर्जे' असा कोष्टक छापलेला असायचा, त्यात भावाची वीटभट्टी, मेव्हण्याचा पंप, सगळं होतं, अगदी रुपये पैशासकट. सभेत तो वाचून दाखवला, आम्ही 'मंजूर मंजूर' ओरडलो, वडापाव खाल्ला, स्टीलचा डबा घेतला आणि घरी आलो. मी पण ओरडलो, खोटं कशाला बोलू. पुढच्या वर्षी शटरवर कागद, ठेवीदारांना महिन्याला फक्त 1000 रुपये मिळतील. पोरीच्या लग्नासाठी 2 लाख ठेवले होते, ते हजार हजार करून लग्नात काय मंगलाष्टकं म्हणायला वापरू? ब्रिटनच्या ठेवीदारांना निदान सरकारने हमी तरी दिली, तिथे बुडाले ते शेअरवाले. आमच्या चेअरमनचं काही वाकडं झालं नाही, आता तो झेडपीला उभा राहतोय, बॅनरवर वडिलांचा फोटो त्याच्यापेक्षा मोठा.

तर लेखकांना सांगा, पुढच्या वेळी परंपरेचं कौतुक करायच्या आधी असला एखादा अहवाल मागवून बघा. माझ्याकडे आहे, झेरॉक्स पाठवतो. डबा पण आहे.

जाता जाता, रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरं सलग दोन आठवडे छापलेली नाहीत, 14 आडवं अजून अडलंय. आणि मागच्या वेळेसारखं हे पत्र अर्धं कापू नये ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक
(नाव छापू नका, चेअरमन आमच्याच गल्लीत राहतो)